परवलीचा शब्द

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण गेली सात-आठ वर्षे मालवाहू बोटीवर इंजिनीअर आहे. सुट्टीवर आला की मला भेटल्यावाचून राहत नाही. बोटीवरचे त्याचे बहुतेक सोबती फिलिपिनो असतात आणि त्यांच्या भाविकपणाचे त्याला मोठे कौतुक. नाताळपूर्वीचे नऊ दिवस भल्या पहाटे मिस्सेला जाण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. तिला ते 'सिंबांग गाबी' म्हणतात. बोटीवर धर्मगुरू कुठला? तरीही ही मंडळी अंधारात उठून मेसमध्ये जमतात आणि प्रार्थना म्हणतात, असे तो मला सांगत असे. गेल्या नाताळात मात्र तो वेगळाच प्रश्न घेऊन आला.

बोटीवरचा एक वरिष्ठ अधिकारी, रोज न चुकता रोझरी म्हणणारा प्रौढ फिलिपिनो गृहस्थ, फ्रीमेसन निघाला होता. त्याच्या बोटात काटकोन आणि कंपास कोरलेली अंगठी होती. 'मुंबईलाही आमचे बंधू आहेत, तुझी इच्छा असेल तर ओळख करून देतो,' असे त्याने या मुलाला सांगितले होते.

"फादर," तो मला म्हणाला, "त्यांचा देश ज्यांनी जागा केला ते रिझाल, बोनिफासिओ, अग्विनाल्दो, सगळे मेसन होते म्हणे. मग आपल्या चर्चचा विरोध कशासाठी?"

मी धर्मगुरू आहे. उत्तर माझ्या जिभेवर होते. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ साली कॅथलिकांना मेसन होण्यास मनाई केली. तेरावे लिओ यांनी १८८४ साली परिपत्रक काढून या संघटनेची कठोर चिकित्सा केली. १९८३ च्या नव्या धर्मकायद्यात मेसनांचे नाव उरले नाही म्हणून काहींना वाटले की बंदी उठली. परंतु त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हॅटिकनने खुलासा केला की बंदी कायम आहे. आणि अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये, हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला तो फिलिपिन्समधूनच. दुमागेतेच्या बिशपांनी आपल्या लोकांत मेसनांची संख्या वाढत असल्याचे कळवले होते आणि रोमचे उत्तर तेच राहिले. कारणही मी सांगितले: जिथे सर्व धर्म सारख्याच अंतरावर ठेवून त्यांच्या वर एक गुप्त शपथ बसवली जाते, तिथे ख्रिस्त हा अनेकांपैकी एक आदरणीय पुरुष होऊन बसतो.

त्याने सारे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ते ठीक आहे, फादर. पण एवढी देवभोळी माणसं तिकडे गेलीच कशी?"

उशीर झाला आहे, पुन्हा कधीतरी बोलू, असे सांगून मी त्याला निरोप दिला. खरे म्हणजे माझ्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीतील ख्रिस्तसभेच्या इतिहासाच्या माझ्या वहीत फिलिपिन्सला जेमतेम एक पान मिळाले होते. स्पॅनिश मिशनऱ्यांचे कार्य, सेबू, मनिला, आणि शेवटी एक वाक्य: मेसन लोकांच्या चिथावणीने क्रांती झाली व ख्रिस्तसभेची हानी झाली. ते वाक्य मी परीक्षेत लिहिले आणि उत्तीर्ण झालो.

वस्तुतः वसईच्या माणसाला मनिला परकी नसावी. आपले संत गोन्सालो गार्सिया तिथूनच जपानला गेले. जपानात येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून राबलेल्या या वसईकराला त्या संघात प्रवेश मिळाला नाही. मनिलाच्या फ्रान्सिस्कनांनी त्यांना बंधू म्हणून स्वीकारले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. गासच्या चर्चमध्ये त्यांच्या मूर्तीसमोर मी अनेकदा उभा राहिलो आहे. ज्या मठवासी संघाने आपल्या माणसाला दार उघडले, त्याच प्रकारच्या संघांविरुद्ध पुढे तीनशे वर्षांनी तिथली माणसे का उठली, हा विचार मात्र माझ्या मनात कधी आला नव्हता.

त्या मुलाच्या प्रश्नामुळे मी वाचायला बसलो. येशूसंघीय इतिहासकार जॉन शूमाकर यांनी आपले आयुष्य या विषयात घालवले. त्यांचे लेखन वाचताना पहिलाच धक्का बसला तो हा की ही कथा लॉजमध्ये सुरू होत नाही. ती सुरू होते सांक्रिस्तीत.

स्पेनच्या अमलाखाली फिलिपिन्समधील बहुसंख्य धर्मग्राम ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन आणि रेकोलेक्त या मठवासी संघांच्या हाती होते. गावात राहणारा एकुलता एक स्पॅनिश माणूस म्हणजे बहुधा हा धर्मगुरू. सरकारला तो हवा होता, कारण त्याच्यावाचून राज्य चालत नव्हते. आमच्यासारखे धर्मप्रांतीय धर्मगुरू, जे त्याच भूमीत जन्मले आणि तिथल्याच सेमिनरीत शिकले, ते बहुधा सहायक म्हणूनच राहत. जे थोडे धर्मग्राम त्यांच्या वाट्याला होते, तेही हळूहळू काढून घेतले जाऊ लागले. येशूसंघीय मिंदानाओ बेटावर परतले, तेव्हा तिथल्या रेकोलेक्तांना भरपाई म्हणून मनिला आणि काविते परिसरातील धर्मग्राम देण्याचा राजहुकूम १८६१ साली निघाला. भरपाई दिली गेली ती देशी धर्मगुरूंच्या ताटातून. गोव्याचा इतिहास ठाऊक असलेल्यांना हे दुःख अनोळखी वाटणार नाही. तिथेही देशी धर्मगुरूंना वरच्या जागा नाकारल्या गेल्या आणि १७८७ च्या पिंटोंच्या कटात धर्मगुरूच पकडले गेले.

मनिलात या अन्यायाविरुद्ध फादर पेद्रो पेलाएझ बोलू लागले. १८६३ च्या भूकंपात मनिला कॅथेड्रल कोसळून ते गेले. त्यांचे काम त्यांचा शिष्य होझे बुर्गोस याने उचलले. बुर्गोस विद्वान होता, डॉक्टर होता, कॅथेड्रलचा धर्मगुरू होता. त्याची मागणी एवढीच होती की धर्मग्राम देताना जन्म पाहू नये, योग्यता पाहावी. मनिलाचे आर्चबिशप मेलितोन मार्तिनेझ हे स्वतः स्पॅनिश. त्यांनी १८७० सालीच माद्रिदला लिहून इशारा दिला होता की या धर्मगुरूंना असेच दुखावत राहिलात, तर मठवाश्यांविरुद्धचा त्यांचा राग उद्या स्पेनविरुद्ध वळेल. पत्र पोहोचले, फरक काही पडला नाही.

२० जानेवारी १८७२ च्या रात्री कावितेच्या शस्त्रागारातील सैनिक आणि कामगारांनी बंड केले. गव्हर्नर जनरल रफाएल दे इझकिएर्दो याने त्यांची कर आणि वेठबिगारीतील जुनी सूट काढून घेतली होती. बंड दोन दिवसांत मोडले. पण सरकारने त्याचे खापर फोडले ते धर्मगुरूंवर. बाकोरचे वृद्ध धर्मगुरू मारियानो गोमेझ, वय बहात्तर. होझे बुर्गोस, वय पस्तीस. हासिंतो झामोरा, वय छत्तीस. झामोराविषयी असे सांगतात की त्याला पत्ते खेळण्याचा नाद होता आणि खेळाच्या निमंत्रणाच्या चिठ्ठीतील 'दारूगोळा' हा शब्द, जो खेळाडूंच्या भाषेत पैशांसाठी होता, त्याच्याविरुद्ध पुरावा ठरला. लष्करी न्यायालयाने तिघांनाही देहान्त शिक्षा सुनावली. आर्चबिशपांना सांगण्यात आले की यांचा गुरुपदाचा झगा उतरवा. त्यांनी नकार दिला. १७ फेब्रुवारीच्या सकाळी मनिलाच्या बगुंबायन मैदानात तिघे आपल्या धर्मगुरूच्या वेशातच आले. गॅरोट हे यंत्र मोठे निर्दय. माणसाला खांबापाशी बसवायचे आणि गळ्याभोवतीची लोखंडी पट्टी मागून पिळत न्यायची. ज्याने त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती, त्या साल्दुआलाही त्याच सकाळी मारले. झामोराचे मन तोवर ढळले होते, असे म्हणतात. बसवतील तिथे तो मुकाट बसला. चर्चच्या घंटा मृत्यूच्या वाजल्या.

हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. गुरुदीक्षेच्या दिवशी माझ्या आईने हाताळून पाहिलेला माझा झगा समोर खुंटीला टांगलेला होता.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. बगुंबायनच्या त्या सकाळनंतर अनेक घरांत काहीतरी तुटले. बुर्गोसच्या घरी राहून शिकणारा एक विद्यार्थी होता, पासियानो. त्याला शिक्षण सोडून गावी परतावे लागले. त्याचा दहा वर्षांचा धाकटा भाऊ होझे याला पुढे शाळेत घालताना 'रिझाल' हे आडनाव लावले, थोरल्यावरचा संशय धाकट्यावर येऊ नये म्हणून. हा मुलगा मनिलात येशूसंघीयांच्या शाळेत शिकला, पवित्र मारियेच्या भक्तमंडळात होता, लाकडात येशूच्या पवित्र हृदयाची मूर्ती कोरत असे. मोठेपणी, १८८९ साली, त्याने एका मित्राला लिहिले की १८७२ घडले नसते, तर आपण आज येशूसंघीय झालो असतो. १८९१ सालची आपली दुसरी कादंबरी त्याने त्या तीन धर्मगुरूंना अर्पण केली.

दुसरा मार्सेलो देल पिलार. विद्यार्थी असताना एका बाप्तिस्म्याच्या वेळी शुल्कावरून त्याचे धर्मगुरूशी भांडण झाले आणि त्याला महिनाभर तुरुंगात राहावे लागले. बाप्तिस्म्याच्या शुल्कावरून! त्याचा थोरला भाऊ तोरिबिओ हा स्वतः धर्मगुरू होता. त्या तिघांना मारले त्याच वर्षी तोरिबिओला हद्दपार करून मारियाना बेटांवर पाठवले. अशा भावाचा भाऊ पुढे मेसनांचा पुढारी झाला, तर मी त्याला कोणत्या तोंडाने नावे ठेवू?

आपल्याकडे लॉज म्हटले की प्रवाशाची रात्रीची खोली डोळ्यांसमोर येते. मेसनांचे लॉज म्हणजे त्यांची शाखा. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील साधी माणसे अशा इमारतीला 'जादूघर' म्हणत. फिलिपिन्समध्ये पहिले लॉज १८५६ साली काविते येथे स्पॅनिश नौदल अधिकाऱ्यांनी काढले. देशी माणसाला तिथे जागा नव्हती. देशी तरुण मेसन झाले ते स्पेनमध्ये, शिकायला गेल्यावर. रिझाल माद्रिदमध्ये झाला. १८८९ साली बार्सेलोनात त्यांचे स्वतःचे लॉज निघाले आणि त्याच वर्षी 'ला सोलिदारिदाद' हे त्यांचे पाक्षिक सुरू झाले. देल पिलारने पेद्रो सेरानो लाक्तॉ याला मायदेशी धाडले आणि ६ जानेवारी १८९२ रोजी मनिलात 'निलाद' नावाचे लॉज उभे राहिले. ६ जानेवारी म्हणजे तीन राजांचा सण. दीड-दोन वर्षांत अशी तीसहून अधिक लॉजेस झाली.

तिथे त्यांना काय मिळाले? मंत्र नव्हे, तंत्र मिळाले, असे मला वाचनान्ती वाटते. जिथे चार माणसांनी एकत्र बसून वर्तमानपत्र वाचणेही राजद्रोह ठरे, तिथे बंद दाराआड बसता येऊ लागले. स्पेनहून आलेले पाक्षिक हातोहात पोहोचू लागले, वर्गणी गोळा होऊ लागली. आणि मुख्य म्हणजे, स्पॅनिश माणूस आणि देशी माणूस एकमेकांना बंधू म्हणत. ते शब्दापुरते का असेना, पण आपल्या गावच्या चर्चमध्ये हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नव्हता. ज्या देवाच्या घरी 'आमच्या बापा' ही प्रार्थना रोज म्हटली जाते, तिथे भावाचे नाते मिळेना आणि जादूघरात मिळाले.

जुलै १८९२ मध्ये रिझालला दापितान येथे हद्दपार केल्याची बातमी आली त्याच दिवशी, ७ तारखेला, आंद्रेस बोनिफासिओ नावाच्या गोदामात काम करणाऱ्या माणसाने 'कातिपुनान' ही गुप्त क्रांतिसंघटना काढली. बोनिफासिओ मेसन होता. पायऱ्या, बुरखे, शपथा, ओळखीच्या खुणा, हे सारे त्याने लॉजवरून घेतले. तीन पायऱ्या, प्रत्येक पायरीचा परवलीचा शब्द निराळा. दुसऱ्या पायरीवरील 'सैनिक' हिरवा बुरखा घालत असे आणि दारावर त्याने उच्चारायचा शब्द होता 'गोम-बुर-झा'. गोमेझ, बुर्गोस, झामोरा.

या ओळीपाशी मी थांबलो. चर्चविरोधी म्हणून सेमिनरीत ज्यांची ओळख करून दिली गेली होती, त्या माणसांच्या बंद दाराची किल्ली तीन धर्मगुरूंच्या नावांची होती.

म्हणून लॉजने फिलिपिन्सला स्वातंत्र्य दिले असे म्हणावे काय? बोटीवरच्या त्या गृहस्थाला तसे वाटते. मला वाटत नाही. आणि तेही सांगायला हवे. ज्याने तिघांच्या फाशीवर सही केली तो इझकिएर्दो स्वतः फ्रीमेसन होता. त्याच खटल्यातील काही गृहस्थ मेसन होते. त्यांची देहान्त शिक्षा त्याने कमी केली, ते हद्दपारीवर सुटले. बंधुभाव होता, पण तो धर्मगुरूंपर्यंत पोहोचला नाही. त्या सुटलेल्यांपैकी माक्सिमो इनोसेन्सिओ हा पुढे परत आला आणि १२ सप्टेंबर १८९६ रोजी काविते येथे ज्या तेरा जणांना गोळ्या घातल्या त्यांत तो होता. त्या वेळी मात्र त्याचे मेसन असणे हाच त्याचा गुन्हा ठरला. स्पेनमधील मेसनांनी फिलिपिनो तरुणांना आसरा दिला हे खरे, परंतु त्यांना हवी होती समान नागरिकता. स्पेनची वसाहत सुटावी असे त्यांना वाटत नव्हते. आणि मे १८९७ मध्ये बोनिफासिओला डोंगरात नेऊन मारले ते त्याच्याच क्रांतीच्या सरकारने. त्या सरकारचा प्रमुख अग्विनाल्दो. दोघेही मेसन, दोघेही कातिपुनानचे, दोघांनीही भावाची शपथ घेतलेली. आपल्याच भावाला शेतात नेणारा काईन कोणत्याही संघटनेत जन्मू शकतो, चर्चमध्येही आणि लॉजमध्येही.

उलट बाजूने पाहावे तर रिझालला गोळ्या घातल्या ३० डिसेंबर १८९६ रोजी, आणि त्याच मैदानावर पाचच दिवसांनी बिकोल प्रांतातील जे अकरा देशभक्त गेले त्यांत तीन धर्मगुरू होते. स्वतंत्र फिलिपिन्सची पहिली लोकसभा १८९८ मध्ये बसली ती बारासोआइनच्या चर्चमध्ये. आणि त्याच चर्चमध्ये राज्य आणि धर्म वेगळे ठेवण्याचा ठराव अवघ्या एका मताने मंजूर झाला.

रिझालच्या शेवटच्या रात्रीविषयी फार वाद आहे. त्याचे जुने शिक्षक येशूसंघीय त्याच्या कोठडीत आले. शाळेत असताना त्याने कोरलेली पवित्र हृदयाची ती लहान मूर्ती त्यांनी सोबत आणली होती. त्याने मेसनरी सोडल्याचा आणि ख्रिस्तसभेत परत आल्याचा कागद लिहून दिला, असे त्यांनी सांगितले. तो कागद कित्येक वर्षे कोणी पाहिला नव्हता. १९३५ साली मनिलाच्या आर्चबिशपांच्या दप्तरात सापडला. मेसन म्हणतात तो खोटा, कॅथलिक म्हणतात तो खरा. दोघेही जणू त्याचे शव दोन बाजूंनी ओढत आहेत. शूमाकरांप्रमाणे मीही तो खरा मानण्याकडे झुकतो. तरीही मी मरणाऱ्यांच्या उशाशी बसणारा माणूस आहे. तिथे जे बोलले जाते ते कोणाच्या विजयाची पताका म्हणून बाहेर आणण्यासाठी नसते. परत येणारा मुलगा दिसताच बाप धावत गेला. त्याच्या हातून कागद लिहून घेतल्याचे शुभवर्तमानात नाही.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हे सारे दूरच्या देशाचे राहील. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका तरुणाने सभेत सणाच्या वर्गणीचा हिशेब विचारला. प्रश्न सभ्य होता. मी त्याला सर्वांदेखत खाली बसवले. हिशेब चोख होता, कागद माझ्या टेबलाच्या खणात होते. दाखवायला पाच मिनिटे पुरली असती. पण विचारणारा कोण, हे मी पाहिले. पुढे तो गायनवृंदातून गेला, नंतर रविवारच्या मिस्सेतूनही दिसेनासा झाला. तो कोणत्या लॉजमध्ये गेला नाही. नाक्यावरच्या एका पक्षाच्या कार्यालयात जाऊन बसू लागला. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळाली. 'भरकटला' असे मी त्याच्याविषयी तेव्हा म्हणत असे.

जानेवारीत तो इंजिनीअर बोटीवर परत जाण्यापूर्वी मी त्याला बोलावून घेतले. वर लिहिले ते बहुतेक त्याला सांगितले, माझ्या हिशेबाची गोष्टही सांगितली. चर्चची मनाई कायम आहे आणि ती योग्यच आहे असे मी मानतो, हेही पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "फादर, हे त्या दिवशीच सांगितलं असतं तर?" मी म्हटले, "त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं, बाबा." तो हसला. मग म्हणाला की बोटीवरच्या फिलिपिनोंनी त्याला या तीन धर्मगुरूंवरचा, २०२३ साली निघालेला चित्रपट मोबाईलवर दाखवला होता आणि तो पाहताना अंगठीवाला अधिकारी रडत होता. हे त्याने मला पहिल्या भेटीत सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

फेब्रुवारीच्या आरंभी त्याने मनिलाहून फोटो पाठवला. बगुंबायनच्या जागी आज मोठे उद्यान आहे, रिझालच्या नावाचे. त्यात, जिथे ते तिघे गेले, तिथे एक लहानसे स्मारक आहे. फोटोत त्याच्याबरोबर तो अधिकारीही उभा होता. लॉजविषयी त्याने काही लिहिले नव्हते.

१७ फेब्रुवारीला सकाळच्या मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना करताना मी तीन नावे घेतली: मारियानो, होझे, हासिंतो. मिस्सेनंतर सांक्रिस्तीत झगा घडी करून ठेवताना आमचा म्हातारा सांक्रिस्तांव जवळ आला. कोण गेले ते त्याला आधी कळलेले असते, म्हणून त्याला चुकचुकल्यासारखे झाले होते.

"फादर," त्याने हळूच विचारले, "हे तिघे कुठल्या गावचे?"